ओख्याला एक दिवस थांबा



सहलीचे पत्रक नातीने दप्तरातून काढून माझ्यापुढे धरले, तेव्हा सवयीप्रमाणे मी आधी वेळापत्रक वाचले. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी भूगोलाच्या शिक्षिकेची खोड जात नाही. द्वारकाधीशाचे मंदिर, नागेश्वर, शिवराजपूरचा किनारा, बेट द्वारका आणि परतीचा प्रवास. सहल छान आखलेली आहे. पण वाचता वाचता लक्षात आले, की त्यात ओखा कुठेच नाही.

पूर्वी ओखा टाळणे शक्यच नव्हते. बेटावर जायचे तर ओख्याच्या धक्क्यावर उतरून होडीची वाट पाहावी लागे. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुदर्शन सेतू खुला झाला आणि बस थेट बेटावर जाऊ लागली. म्हाताऱ्या माणसांची मोठी सोय झाली, याबद्दल दुमत नाही. मात्र त्या सोयीपायी आपली मुले ओखा न बघताच परत येणार आहेत, आणि ते मला पटत नाही. सहलीत एक दिवस ओख्यासाठी ठेवावा, एवढी विनंती करण्यासाठी हा लेख लिहिते आहे. विनंती लहान आहे, तिच्यामागचे कारण मात्र थोडे लांबून सांगावे लागेल.

आधी स्वतःची चूक कबूल करते. मी शाळेत असताना चार वेळा तरी मुलांना घेऊन त्या धक्क्यावर उभी राहिले आहे. एकीकडे यात्रेकरूंची गर्दी, दुसरीकडे मासेमारीच्या होड्या, निळ्या-हिरव्या जाळ्यांचे ढीग, बर्फाच्या लाद्या. मुले नाकाला रुमाल लावत आणि मी म्हणत असे, "चला चला, पुढे व्हा, तिकडे काय बघायचंय?" भूगोलाच्या शिक्षिकेने असे म्हणावे! वर्गात फळ्यावर मी 'मासेमारी: एक प्राथमिक व्यवसाय' असे लिहून देत होते आणि तो व्यवसाय समोर चालला असताना मुलांना पाठ फिरवायला सांगत होते.

माझा विचार बदलला तो भलत्याच ठिकाणी. २०१८ च्या उन्हाळ्यात पुतण्याने आम्हा दोघांना आइसलँडला नेले. तो तिकडे कोपनहेगनला नोकरीला. ज्वालामुखी, गरम पाण्याची कारंजी सगळे बघून झाल्यावर त्याने गाडी देशाच्या वायव्य कोपऱ्याकडे वळवली. डांबरी रस्ता संपला, खडीचा सुरू झाला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला फ्योर्द, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची लांबट खाडी. तासन्‌तास वस्ती नाही. हिवाळ्यात तर बर्फामुळे हा रस्ताच बंद असतो. आणि एका वळणावर अचानक, डोंगराच्या पायथ्याशी, तीन मजली काँक्रीटची प्रचंड लांब इमारत. मागे धबधबा, पुढे पाणी आणि काठावर एका जहाजाचा गंजलेला सांगाडा. गावाचे नाव द्यूपाविक.

हा मासळीचा बंद पडलेला कारखाना. हेरिंग नावाचा मासा, आपल्या तारलीचा जवळचा नातेवाईक म्हणा, उन्हाळ्यात थव्यांनी त्या किनाऱ्याला येत असे. तो खारवून पिंपांत भरायचा आणि उरलेल्याचे तेल काढून चोथ्याची भुकटी करायची. तेल साबणापासून अनेक उद्योगांना जाई, भुकटी जनावरांच्या खाद्याला. १९३४ साली कंपनी निघाली, बांधकाम सुरू झाले आणि १९३५ च्या उन्हाळ्यात कारखाना चालूही झाला. तिथे जायला तेव्हा रस्ता नव्हता. सिमेंट, लोखंड, यंत्रे, माणसे, सगळे समुद्रातून आले. त्या काळी आइसलँडमध्ये एवढी मोठी काँक्रीटची दुसरी इमारत नव्हती, असे सांगतात. कामगारांना राहायला घरे कुठून आणायची? म्हणून 'सुदुरलँड' नावाचे जुने प्रवासी जहाज आणून काठाला रुतवले आणि पुरुषांना त्यात राहायला दिले. तोच तो गंजलेला सांगाडा. बायकांसाठी वेगळी लाकडी इमारत बांधली.

आइसलँडच्या हेरिंग-बंदरांतले सर्वांत महत्त्वाचे काम बायकांचे होते. थवा आला की रात्र नाही, दिवस नाही. तिकडे उन्हाळ्यात रात्रीही उजेडच. पाठीत वाकून, गार वाऱ्यात, मासा साफ करून मीठ घालून पिंपात थरावर थर रचायचे. पिंप भरले की एक बिल्ला मिळे. जितके बिल्ले तितकी मजुरी. बऱ्याच जणींच्या हातात स्वतःचे पैसे पहिल्यांदा आले ते या कामातून. हे ऐकताना मला आपल्या कोकणातल्या, जाफराबादच्या, वसईच्या बोंबील वाळवणाऱ्या बायकाच आठवत होत्या. हवा तेवढी निराळी.

आणि मग मासा येईनासा झाला. १९४४ नंतर थवे विरळ होत गेले, कारखाना काही वर्षे कसाबसा तग धरून राहिला आणि १९५४ साली बंद पडला. माणसे हळूहळू निघून गेली. यंत्रे मात्र कोण नेणार? आणायचाच खर्च एवढा, की परत नेणे परवडेना. म्हणून ती तिथेच राहिली. आज आत गेलात तर गंजलेले बॉयलर, पट्टे, चाके, तेलाच्या टाक्या सगळे जागच्या जागी दिसते. छपरातून पाणी गळते. एका भिंतीवर कामगारांची जुनी छायाचित्रे लावली आहेत. त्यांतल्या मुली आपल्या दहावीच्या मुलींएवढ्या दिसतात आणि हसताना दिसतात.

१९८५ साली एका जोडप्याने बायकांच्या त्या इमारतीत लहानसे हॉटेल काढले. आम्ही तिथेच उतरलो. त्यांनी कारखाना पाडला नाही आणि चकचकीतही केला नाही. जेवढा सांभाळता येईल तेवढा सांभाळला आणि येणाऱ्याला आतून फिरवून दाखवण्याची सोय ठेवली. २००६ साली सिगुर रोस या तिकडच्या नावाजलेल्या वाद्यवृंदाने त्या रिकाम्या कारखान्यात गाणे केले आणि नंतर एका मोठ्या हॉलिवूड चित्रपटाचे चित्रीकरणही तिथे झाले. असो. मला त्या गाण्याबजावण्याचे फारसे कौतुक नाही. कौतुक वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. आमच्याबरोबर तिथल्याच कुठल्याशा शाळेची मुले आली होती. वाटाड्या त्यांना जे सांगत होता त्यातले आम्हाला अक्षरही कळत नव्हते, पण एक मुलगा टाकीवर हात ठेवून काहीतरी विचारत होता आणि वाटाड्या समुद्राकडे बोट दाखवून उत्तर देत होता. त्याने काय विचारले असेल ते मला न कळताही कळले. मासे गेले कुठे?

या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही, आणि म्हणूनच तो मुलांनी विचारावा असा आहे. द्यूपाविकचा कारखाना बंद पडला तेव्हा थवे का सरकले याची कारणे एकाहून अधिक सांगता येतील. समुद्राचे तापमान बदलते, प्रवाह बदलतात, मासा वाट बदलतो. पण पुढे १९६० च्या दशकात जे झाले त्यात माणसाचा हात उघड आहे. सोनारने थवा पाण्याखाली शोधता येऊ लागला, यंत्राने मोठी जाळी ओढता येऊ लागली आणि नॉर्वे ते आइसलँड फिरणारा तो सगळा हेरिंग दशकाच्या शेवटी कोसळला. मासेमारी जवळजवळ थांबवल्यावरही त्याला सावरायला वीसेक वर्षे लागली. तिकडच्या उत्तर किनाऱ्यावर सिग्लुफ्योर्दुर नावाचे गाव आहे, हेरिंगच्या व्यापाराची एके काळची राजधानीच. तिथल्या लोकांनी पडक्या गोदामांतून आणि कारखान्यांतून एक संग्रहालय उभे केले. २००४ साली त्याला युरोपातील उद्योग-संग्रहालयांसाठीचा मिकेलेत्ती पुरस्कार मिळाला. आपल्या उद्योगाचे दिवाळे कसे निघाले हे सांगणारे संग्रहालय, आणि गावाला त्याचा अभिमान. मला याचे नवल वाटले.

अमेरिकेतले माँटेरे जास्त लोकांना माहीत असेल, कारण तिथल्या डबाबंद सार्डीनच्या कारखान्यांच्या रस्त्यावर जॉन स्टाइनबेकने १९४५ साली 'कॅनरी रो' ही कादंबरी लिहिली. गंमत म्हणजे कादंबरी आली आणि पाठोपाठ मासा आटला. सरकारी शास्त्रज्ञ कितीतरी वर्षे आधीपासून इशारा देत होते, की माणसाच्या ताटात जाते त्यापेक्षा जास्त सार्डीन खत आणि कोंबड्यांचे खाद्य करण्यात जाते आहे. कोणी ऐकले नाही. एड रिकेट्स नावाचा सागरी जीवशास्त्रज्ञ त्याच रस्त्यावर प्रयोगशाळा चालवायचा. सार्डीन कुठे गेली हे शोधायचे असेल तर डब्यांत शोधा, असे त्याचे म्हणणे होते. नंतरच्या संशोधनात समुद्रतळाच्या गाळातून असेही दिसले, की सार्डीनचे चढउतार माणसाने जाळे टाकण्याच्या कितीतरी आधीपासून होत आले आहेत. म्हणजे दोष एकट्या माणसाचा नाही. पण उतार आला असताना आपण ओरबाडतच राहिलो, हा दोष माणसाचाच. शेवटचा कारखाना १९७३ साली बंद झाला आणि त्याच्याच जागेवर १९८४ साली मोठे मत्स्यालय उघडले.

आता कोणी म्हणेल, की बडोद्याच्या शाळेच्या पत्रिकेत आइसलँड नि अमेरिका कशाला? आपला आणि समुद्राचा संबंध काय? हा प्रश्न मला खरोखरच एका पालकांनी विचारला. त्यांना मी उलट विचारले, की कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये तुम्ही लहानपणी सगळ्यांत आधी काय बघितले होते? ते हसले. बडोद्याचे प्रत्येक मूल आधी त्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्याखाली उभे राहते. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहत आलेले ते देवमाशाचे पिल्लू. समुद्र आपल्या दारापर्यंत येऊन गेल्याची ती खूण आहे.

दुसरी गोष्ट, बडोदे संस्थानाला स्वतःचा समुद्र होता हे आपल्या मुलांना ठाऊकच नाही. मोठ्यांपैकीही किती जणांना आहे, शंकाच. द्वारका, ओखा आणि बेट मिळून झालेले ओखामंडळ गायकवाडांचे होते. कोडीनारही आपलेच. मधे जामनगर, जुनागढ अशी दुसरी संस्थाने, तरी राज्य बडोद्याचे. (जाफराबाद तर कोकणातल्या जंजिऱ्याच्या नवाबाचे होते. काठेवाडचा जुना नकाशा म्हणजे गोधडीच.) आणि सयाजीराव महाराजांना हा समुद्र केवळ यात्रेसाठी नको होता. १९०५-०६ मध्ये त्यांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी प्राणिशास्त्रज्ञाकडून ओखामंडळच्या समुद्राची पाहणी करवून घेतली. तिचा अहवाल दोन भागांत छापला गेला, पहिला १९०९ साली आणि दुसरा १९१६ साली. या समुद्रात काय जगते, आणि त्यातून राज्याला कोणता उद्योग उभा करता येईल, असा तो सरळ व्यवहारी प्रश्न होता. दुसऱ्या भागात हॉर्नेलने शंखावर विस्ताराने लिहिले आहे. बेटाचे जुने नाव शंखोद्धार. इथला शंख बांगड्या करण्यासाठी पार बंगालपर्यंत जात असे. याच आखातात ते चपटे, अर्धपारदर्शक शिंपले मिळत. तसेच शिंपले काचेऐवजी बसवलेल्या खिडक्या गोव्याच्या जुन्या घरांत आजही दिसतात.

पुढे १९२० च्या दशकात संस्थानाने ओख्याला बंदर बांधले. रेल्वे तिथपर्यंत नेली. जवळच मिठागर निघाले, त्यातून १९३९ नंतर टाटांचे मिठापूर उभे राहिले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, नंतर गुजरात झाला, जिल्हे बदलले, २०१३ पासून तो भाग देवभूमी द्वारका जिल्ह्यात आहे. या सगळ्या उलथापालथीत बडोद्याचा समुद्र बडोद्याच्या आठवणीतून पुसला गेला.

तिसरी गोष्ट घरातली. माझ्या पिढीच्या कितीतरी मुलांना थंडीत रोज चमचाभर शार्कोफेरॉल मिळत असे. ते आपल्या अलेम्बिकचे, म्हणजे कलाभवनचे प्राध्यापक गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी १९०७ साली काढलेल्या कंपनीचे. नावातला 'शार्क' खराखुरा शार्क आहे, हे आम्हाला बरेच उशिरा कळले. आमच्या शाकाहारी शेजारणीला कळले तेव्हा तिच्या घरातली बाटली आमच्या घरी आली! दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, जर्मनीने नॉर्वे घेतला आणि तिकडून येणारे कॉड माशाचे तेल बंद झाले. तेव्हा आपल्याकडे मद्रास आणि मुंबई सरकारांनी शार्कच्या यकृताचे तेल काढायला सुरुवात केली. काही वर्षांत प्रयोगशाळेत बनवलेले अ-जीवनसत्त्व बाजारात आले आणि अशा तेलांची मागणी जगभर ओसरली. समुद्रावरचे उद्योग असे कधी माशाच्या अभावी बंद पडतात, कधी कुठल्या लांबच्या युद्धाने सुरू होतात आणि कुठल्या लांबच्या शोधाने संपतात. यातले काहीच आपल्या पाठ्यपुस्तकात नाही.

आणि गुजरातच्या किनाऱ्यावर एक गोष्ट अशीही घडली आहे, जी द्यूपाविकला घडली नाही. वेरावळच्या बाजूला वेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा मारला जायचा. त्याच्या यकृताचे तेल होड्यांना लावत, पुढे पुढे मांस निर्यातही होऊ लागले. माइक पांडे यांनी त्यावर केलेला माहितीपट २००० साली आला आणि २००१ साली सरकारने त्या माशाला वाघाइतकेच संरक्षण दिले. नुसत्या कायद्याने काही झाले नसते. २००४ पासून मोरारी बापूंनी किनाऱ्यावर जाऊन सांगितले, की ही 'व्हाली' आहे, बाळंतपणाला माहेरी येणारी लेक आहे. लेकीला कोण मारील? तेव्हापासून शेकडो वेळा मच्छीमारांनी स्वतःचे जाळे कापून तिला सोडले आहे. फाटलेल्या जाळ्याची भरपाई सरकार देते, पण त्या दिवसाची मासळी गेली ती गेलीच. द्यूपाविकला माशाने कारखाना बंद केला. वेरावळला मासा उरलेला असतानाच माणसांनी धंदा बंद केला. मला विचाराल तर आपल्या राज्यातल्या मुलांनी अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे, आणि सांगायची तर खारव्यांच्या तोंडून ऐकून सांगावी.

कारण संकट संपलेले नाही. केरळात २०१२ साली जवळजवळ चार लाख टन तारली सापडली होती. २०२१ साली ती चार हजार टनांच्याही खाली गेली. आपल्या किनाऱ्यावरचे मच्छीमार सांगतात, की जवळ मासळी उरली नाही म्हणून दूर जावे लागते. दूर म्हणजे कुठे, ते ओख्याच्या धक्क्यावर कळते. समोर कच्छचे आखात, पलीकडे आंतरराष्ट्रीय सीमा. होड्या पकडल्या जातात, माणसे वर्षानुवर्षे कराचीच्या तुरुंगात राहतात आणि घरची बाई इथे वाट बघते. आपण बातमी वाचून पान उलटतो.

म्हणून म्हणते, मुलांना ओख्याला थांबवा.

यावर काय आक्षेप येतील ते मला माहीत आहे, कारण पालक-शिक्षक मंडळात मी अर्धे आयुष्य काढले आहे. पहिला आक्षेप वासाचा. वास येतो, खरे आहे. मिठापूरच्या कारखान्यालाही येतो, आणि कमाटीबागेत वाघाच्या पिंजऱ्यापाशीही येत असे. दुसरा आक्षेप कोणी उघड बोलणार नाही, म्हणून मीच बोलते. आपल्या समाजात मासे खाणारी घरे आहेत आणि न खाणारीही आहेत. बडोद्यात तर खाणारेही स्वयंपाकघराची खिडकी लावून तळतात. मासळीचा धक्का म्हणजे काहीतरी लपवायची गोष्ट, असे मुलांच्या मनात आपणच भरवले आहे. मासे खावेत की नाही हे ज्याच्या त्याच्या घरी ठरेल. पण जो माणूस पहाटे तीनला होडी घेऊन जातो, त्याच्याकडे नाकाला रुमाल लावून बघू नये, एवढे तरी शाळेत शिकवता आले पाहिजे. ते मी शिकवले नाही.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. बंदरात मुले अशी मोकळी सोडता येणार नाहीत, परवानगी आधी काढावी लागेल, गट लहान ठेवावे लागतील. सहावी-सातवीची मुले नकोत. आठवी-नववीचीच न्यावीत. वेळेचा प्रश्न शिवराजपूरचा दुसरा मुक्काम कमी करून सुटतो. वाळूत खेळायला एक संध्याकाळ पुरते. सहलीच्या आधी एक तास हॉर्नेलच्या ओखामंडळाबद्दल वर्गात बोलावे, सकाळी धक्क्यावर मासळी उतरताना बघावी, एखाद्या टंडेलला अर्धा तास प्रश्न विचारू द्यावेत. प्रश्न मुलांनीच तयार करावेत. बाईंनी फळ्यावर लिहून दिलेले नकोत.

आणखी एक गोष्ट सांगते आणि थांबते. द्यूपाविकच्या भिंतीवरची ती छायाचित्रे बघताना मला आमच्या वाड्यातले एक आजोबा आठवत होते. संस्थानी काळात ते ओखा बंदराच्या कचेरीत कारकून होते. आम्ही मुले ओट्यावर बसायचो आणि ते सांगायचे, तिकडचा वारा कसा, गोडे पाणी कसे मिळायचे, शंखांची पोती कशी मोजायची, बडोद्याहून बदली झालेला माणूस पहिले सहा महिने कसा रडायचा. त्यांच्याकडे एक वही होती, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. बंदरात आलेल्या मालाची त्यांनी स्वतःसाठी केलेली टिपणे. ती त्यांनी मला दोनदा दाखवली होती. ते गेले, वाडा विकला गेला, आणि ट्रंकेसकट सगळे कागद रद्दीत गेले. मी तेव्हा याच शाळेत इतिहास-भूगोल शिकवत होते. वाड्यापासून शाळा चालत दहा मिनिटांवर. वही मागून घ्यावी हे सुचले नाही. तिकडे गंजलेले बॉयलर राखणारी माणसे बघितली तेव्हा ती वही डोळ्यांपुढे आली.

अशा वह्या अजून काही घरांत असतील. ओखा, द्वारका, बेट, कोडीनार इथे बडोदे सरकारच्या नोकरीत असलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांची पत्रे, छायाचित्रे, बदलीचे हुकूम, हिशेब, काहीही असले तर सहलीच्या आधी शाळेच्या कार्यालयात आणून द्यावे. वर्गात दाखवून, प्रत काढून मूळ कागद परत दिला जाईल, तशी मुख्याध्यापकांशी बोलणी झाली आहेत. कागद मोडीत असले आणि तुम्हाला वाचता येत नसले तरी टाकू नका. मोडी वाचणारे दोघे जण अजून आपल्यात आहेत, आणि दोघेही दुपारी मोकळे असतात.